देव मानतो म्हटले, म्हणजे किती सांगितले?



या रविवारच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आपण ऐकणार आहोत. बापाने दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एक 'नाही' म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा 'जातो' म्हणाला आणि गेलाच नाही. दाखला एवढाच आहे. आम्ही यावर पुष्कळदा प्रवचन दिले आहे आणि दर वेळी दुसऱ्या मुलाला चार शब्द सुनावून वेदीकडे परतलो आहोत. पहिल्या मुलाचे 'नाही' मात्र आम्ही कधी नीट ऐकले नव्हते. या वर्षी ते ऐकावे लागले, कारण 'नाही' म्हणणारा मुलगाच आमच्या कार्यालयात येऊन समोरच्या खुर्चीवर बसला.

घडले ते त्याच्या परवानगीने लिहीत आहोत. "नावही घाला," असे तो म्हणाला होता, पण ते आम्ही घालणार नाही. हा आपल्याच भागातला तरुण. पुण्याला इंजिनिअरिंग शिकला, तिथेच नोकरीला लागला. लहानपणी वेदीसेवक होता, घंटा नेमकी वाजवायचा. त्याच्या बहिणीला मुलगी झाली. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला बहीण आली तेव्हा धर्मपिता म्हणून तिने भावाचे नाव सांगितले आणि आम्ही ते आनंदाने लिहून घेतले. पुढच्या शनिवारी तो स्वतः आला.

"फादर, माझं नाव काढा. त्या दिवशी तुम्ही विचारणार, देवावर विश्वास आहे का, आणि मला 'होय' म्हणावं लागणार. माझा विश्वास राहिलेला नाही. भाचीच्या डोक्यावर पाणी पडत असताना मी खोटं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर त्याची आई थांबली. "पोरगं हातचं गेलं बघा, फादर. देवालाच मानत नाही म्हणतंय. आता कशाला मानंल? उद्या दारू पिईल, आईबापाला इचारणार नाही. ज्याला देव नाही त्याला धरबंध कशाचा?"

मुलगाही जाताना असेच काही बोलला होता, फक्त त्याचे शब्द पुस्तकी होते. तो म्हणाला होता, "माझी जीवनदृष्टीच बदलली, फादर."

म्हणजे एका बाबतीत मायलेकांचे एकमत होते. देव आहे की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर बदलले की माणूस आतून बाहेरून सगळा बदलतो, असे दोघांनाही वाटत होते. आईला त्याची भीती वाटत होती आणि मुलाला त्याचा थोडा अभिमान. आम्हाला मात्र वाटते की दोघेही चुकत होते. ते का, हे आज सांगायचे आहे. हा विषय केवळ एका घराचा नाही. आपली मुले शिकायला पुण्या-मुंबईला, हैदराबादला जातात आणि हा प्रश्न सुटीत घरी घेऊन येतात.

आम्ही त्याला त्या दिवशी थोडे प्रश्न विचारले होते. घरी पैसे पाठवतोस का? पाठवतो. लग्नात हुंडा घेणार का? नाही. ऑफिसात प्रवासाचे खोटे बिल लावतोस का? नाही, बरेच जण लावतात. मग तू का नाही? तो जरा अडला. "असंच. बरोबर नाही म्हणून." हे तुला केव्हापासून वाटते? "लहानपणापासून." मग जीवनदृष्टी बदलली म्हणजे नक्की काय बदलले?

तो हसला आणि त्याने उलट आम्हालाच पकडले. "बरं, फादर, दर रविवारी तुमच्यासमोर बाकांवर जे बसतात ते सगळे देव मानतात ना? मग त्यांची सगळ्यांची जीवनदृष्टी एकच आहे का?"

आम्ही त्याला चहा दिला. उत्तर त्या दिवशी दिले नाही.

जीवनदृष्टी म्हणजे काय, हे आधी साध्या भाषेत पाहू. जग कुठून आले, हा त्यातला एक प्रश्न झाला. पण माणूस म्हणजे कोण? शेजाऱ्याचे दुःख माझे आहे की नाही? कुणी पाहत नसताना काय करू नये? पैसा कशासाठी? घरातल्या बाईचा शब्द किती मोजायचा? जात पाळायची का? मरणाकडे कसे पाहायचे? या साऱ्यांची उत्तरे माणूस जगून देतो, पुष्कळदा तोंडाने न सांगता. या उत्तरांचे मिळून जे घर उभे राहते, ती त्याची जीवनदृष्टी. आपल्याकडे जुनी माळवदी घरे खणांवर मोजतात. तीन खणांचे, पाच खणांचे. कुणी नुसता एक खांब दाखवून 'हे माझे घर' म्हणाला तर आपण त्याला विचारू, बाबा, भिंती कुठे आहेत, चूल कुठे आहे? 'देव आहे' हा एक खांब आहे. 'देव नाही' हाही, फार तर, एक खांब रोवायचा नाही असा निर्णय आहे. दोन्हींनी घर होत नाही.

'नास्तिक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. आपल्या देशाच्या जुन्या शास्त्रांत नास्तिक म्हणजे देव न मानणारा असा अर्थ नव्हताच. वेदांचे प्रामाण्य जो मानत नाही तो नास्तिक. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले, आणि जैन, बौद्ध व चार्वाक बाहेर राहिले. त्या हिशेबाने आपण ख्रिस्ती लोकही नास्तिकच ठरतो! आणि हे काही नवे नाही. दुसऱ्या शतकात स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातले इझमीर) शहराचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना मैदानात आणले, तेव्हा जमाव ख्रिस्ती लोकांना नास्तिकच म्हणत होता. रोमन लोकांच्या देवांपुढे धूप जाळत नाहीत म्हणून नास्तिक. 'नास्तिकांचा नायनाट होवो' असे म्हण, म्हणजे सोडतो, असे सुभेदाराने त्यांना सांगितले. म्हाताऱ्याने जमावाकडे हात करून ते वाक्य म्हटले, आणि मग त्यांना जाळले. ज्या शब्दाखाली आपला एक संत मेला, तो शब्द दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवताना आपला हात थोडा थांबावा, एवढेच.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणातील मजकुराबद्दल झालेल्या शिक्षेमुळे, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोन मित्र मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले. टिळक वेदान्ती, गीतेवर पुढे मोठा ग्रंथ लिहिणारे. आगरकर अज्ञेयवादी, देवाविषयी ठाम काही सांगता येत नाही असे मानणारे. दोघांनी मिळून शाळा काढली होती, वर्तमानपत्र काढले होते, आणि तुरुंगही मिळूनच भोगला. देवाच्या प्रश्नावर त्यांचे जमत नव्हते, तरी मैत्री तुटली नव्हती. ती तुटली पुढे, आणि त्यात मोठा वाटा होता तो समाजसुधारणेच्या वादाचा. बालविवाह, मुलींचे शिक्षण, संमतिवयाचा कायदा सरकारने करावा की नाही, असे ते प्रश्न होते. आणि त्या भांडणात आगरकरांच्या बाजूला कोण होते? न्यायमूर्ती रानडे. प्रार्थना समाजाचे, एका ईश्वराची मनोभावे उपासना करणारे. म्हणजे एक देवभक्त आणि एक संशयवादी एका बाजूला, आणि दुसरा देवभक्त समोर. बालविधवेच्या केशवपनाकडे पाहून कुणाचे काळीज हलते आणि त्यावर आधी काय करावे असे त्याला वाटते, हे त्याच्या ईश्वरविषयक मतावरून ओळखता आले नसते.

हेच पुढेही दिसते. डॉ. श्रीराम लागू देव ही कल्पनाच निवृत्त करा म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत, पण १९८९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या समितीची भूमिका देवाधर्माविषयी तटस्थ होती आणि आहे. तिचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे, आणि त्या कामात देव मानणारे कार्यकर्तेही आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. (त्या कायद्याला आपल्यातले काही जण अजून घाबरतात. प्रार्थनेने आजार बरा होतो असे सांगून औषध बंद करायला लावणाऱ्यांनी जरूर घाबरावे. प्रार्थनाही करून औषधही घेणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही.)

आपल्याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. जैन धर्मात जगाचा निर्माता असा ईश्वर नाही. पण त्या टेकडीवर चढणाऱ्याला कुणी सांगावे की तुझ्याकडे जीवनदृष्टी नाही! पाणी गाळून पिण्यापासून ते मरण कसे स्वीकारावे इथपर्यंत सगळे तिथे ठरलेले आहे. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर ज्यांनी बौद्ध धम्म घेतला, त्यांची नातवंडे आज आपल्या शेजारी राहतात, आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात. त्यांच्या धम्मातही सृष्टीकर्त्याला जागा नाही. पण त्यांचे घर 'देव नाही' या वाक्यावर उभे नाही. ते करुणेवर, शीलावर, माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे या आग्रहावर उभे आहे. तिथेही नकार हा एक खांब आहे, घर पुष्कळ मोठे आहे.

तरुण पुन्हा आला तेव्हा आम्ही हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "तेच तर मी म्हणतो, फादर. नास्तिकता म्हणजे काही नसणं. एखादा माणूस तंबाखू खात नाही, तर तंबाखू न खाणं हा काय त्याचा धर्म असतो का?" उदाहरण चोख होते. आम्ही ते मान्य केले आणि मग त्याला म्हणालो, बरे, नास्तिकता म्हणजे नुसते नसणे असेल तर तिच्या नावावर बाकीचे जमा करू नकोस. तू म्हणतोस, मी देव मानत नाही, म्हणून मी जात मानत नाही, म्हणून मी विवेकी आहे. यातला 'म्हणून' कुठून आला? देव न मानता जात कडकपणे पाळणारे लोक तू पुण्यात पाहिलेले नाहीस का? देव न मानणाऱ्या सत्तांनी रशियात तुरुंग भरले, आणि देव मानणाऱ्यांनी, आपल्याच ख्रिस्तसभेतल्या माणसांनी, त्याआधी कित्येक शतके धर्मन्यायालये चालवली. जात तू सोडलीस ती का सोडलीस, ते कारण वेगळे शोध. आगरकरांनाही दया त्यांच्या संशयातून मिळालेली नव्हती. टेंभूच्या गरिबीतून, आजूबाजूच्या विधवांकडे पाहून, मिल्ल आणि स्पेन्सर वाचून त्यांनी ती कमावलेली होती.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हेच तुम्ही त्या बाजूलाही सांगाल का?"

त्या बाजूला म्हणजे आपल्याला. तर सांगतो.

आपल्या धाराशिवपासून फार लांब नसलेल्या तेर गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांची गोष्ट आपल्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने विचारले, काका, तुम्ही कुंभार, यातले कुठले मडके कच्चे आहे ते सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडके कच्चे. आता विचार करा, नामदेव कोण? लहानपणी ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला असे सांगतात, जे देवाशी रोज बोलत, ते. देव आहे याविषयी त्या मेळाव्यात सर्वात कमी शंका कुणाला असेल तर नामदेवांना. आणि तेच कच्चे निघाले. गोष्ट दंतकथा असेल, पण ती रचणाऱ्याला आमच्या सेमिनरीतल्या तीन वर्षांच्या तत्त्वज्ञानाइतके कळलेले होते. देवाच्या अस्तित्वाची खात्री आणि माणसाचे भाजून पक्के होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच फार कठोरपणे लिहिले आहे. एकच देव आहे असे तुम्ही मानता, चांगले आहे, पण भुतेही तेवढे मानतात आणि थरथरतात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे 'देव मानतो' या वाक्यापुरते पाहिले तर सैतान आपल्याच बाकावर बसलेला आहे.

संत ऑगस्टीनपासून चालत आलेला आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नीट मांडलेला एक भेद आम्हाला शिकताना फार उपयोगी वाटला होता. लॅटिनमध्ये एकाच क्रियापदाची तीन रूपे करून ते सांगतात. आपण मराठीत असे म्हणू: देव आहे असे मानणे, देवाच्या शब्दावर विसंबणे, आणि देवाकडे चालू लागणे. पहिले डोक्यात घडते. दुसऱ्यात भरवसा आला. तिसऱ्यात पाय आले. आपण विश्वासांगीकार म्हणतो तेव्हा तोंडाने तिसरे म्हणत असतो आणि मनात पुष्कळदा पहिल्यापाशीच थांबलेलो असतो. जीवनदृष्टी घडते ती तिसऱ्या ठिकाणी. तिथे देव हा एक खांब राहत नाही, साऱ्या घराचा भार त्याच्याकडे जातो. पैसा, शेजारी, बायको, मरण, सगळ्यांची जागा नव्याने ठरते. असे घडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आपल्या धर्मग्रामातही पाहिली आहेत. कोयत्यावर जाण्याआधी पोराबाळांसकट येऊन आशीर्वाद घेणाऱ्या आणि कारखान्यावरून परतल्यावर पहिल्या रविवारी दानपेटीत काहीतरी टाकणाऱ्या एका आजीचे नाव आम्ही घेत नाही. त्या रागावतील.

पण प्रामाणिकपणे विचारू, असे किती? आपली भाषाही याबाबतीत फार सावध आहे. एखाद्याने रात्री-अपरात्री गाडी काढून बाळंतिणीला दवाखान्यात पोचवले तर आपण त्याला 'देवमाणूस' म्हणतो, तो देव मानतो का हे न विचारता. आणि उठल्यासुटल्या देवाचे नाव घेणाऱ्याला आपण 'देवभोळा' म्हणतो, त्यात आदर कमीच असतो.

हे सारे आम्ही आपल्या एका निवृत्त गुरुजींपुढे बोललो. ते चर्चच्या समितीवर आहेत, स्पष्ट बोलतात. ते म्हणाले, "फादर, तुमचं ऐकून असं वाटतंय की देव असला काय नि नसला काय, काहीच फरक पडत नाही. मग तुम्ही झगा कशाला घातला?"

हा खरा आक्षेप आहे, आणि याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळालेले नाही. ते एका ओट्यावर मिळाले.

येत्या ३० सप्टेंबरला भूकंपाचा दिवस आहे. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे, शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी, अशी ५२ गावे पार उद्ध्वस्त झाली. सरकारी आकडा सात हजार नऊशेच्या वर आहे, लोक दहा हजार म्हणतात. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर हातभर मातीचे माळवद, त्याखाली माणसे झोपेत गाडली गेली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशीपासून घराघरांत एकच प्रश्न होता: देव असता तर असे झाले असते का? १७५५ साली पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरात सर्व संतांच्या सणादिवशी, लोक मिस्सेला गेलेले असताना, असाच भूकंप झाला, चर्चेस कोसळली, आणि सारा युरोप हाच प्रश्न विचारू लागला. संत थॉमस यांनीही 'देव आहे का' या प्रश्नाखाली पहिला आक्षेप हाच नोंदवून ठेवला आहे: जगात वाईट आहे. हा आक्षेप त्यांनी आडोशाला ठेवलेला नाही, सर्वांत वर ठेवला आहे.

काही वर्षांपूर्वी लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात आम्हाला दोन भाऊ भेटले. आपल्या धर्मग्रामातले नव्हेत, माळकरी घरातले. भूकंपात थोरल्याचा मुलगा गेला, धाकट्याची बायको गेली. थोरल्याने महिन्याभरात देवघरातले टाक उचलले, फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. पुन्हा कधी हात जोडले नाहीत. धाकट्याने, जो तोवर कधी देवळात जात नव्हता, त्याच वर्षी गळ्यात माळ घातली आणि दर आषाढीला पायी जाऊ लागला. त्या पहाटे दोघांनीही काय केले होते? आपली माणसे काढून झाल्यावर दोघेही पहार आणि घमेले घेऊन शेजाऱ्यांच्या ढिगाऱ्यांवर गेले होते, दोन दिवस. शेत अजून एकत्र आहे. दोघेही घरात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. गावातल्या कुणाला त्यांच्या वागण्यावरून ओळखता आले नसते की देव मानणारा कोण.

आम्ही त्यांना विचारले, मग तुमच्या दोघांत फरक तो काय राहिला? धाकटा म्हणाला, "मी रोज त्याच्याशी भांडतो, महाराज. दादा कुणाशी भांडणार?" थोरला ओट्यावर बसून ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, "माझा कुणावर रागच नाही. जमीन हलली. भिंती दगडाच्या होत्या, म्हणून पडल्या."

गुरुजी, फरक तो हा आहे. फरक पडतो, पण जिथे आपण शोधतो तिथे तो नसतो. चांगुलपणा किती, याच्यात नाही. दुःख कुणाकडे न्यायचे, याच्यात आहे. ईयोबाच्या पुस्तकात ईयोब देवाला जाब विचारतो, अध्यायच्या अध्याय विचारतो, कारण त्याला पत्ता माहीत आहे. धाकट्या भावाकडे तसा पत्ता आहे. थोरल्याकडे तो नाही, पण त्याच्याकडे एक प्रकारची शांती आहे आणि आम्ही तिला खोटी म्हणणार नाही. आम्ही झगा घातला तो धाकट्यासारखे आम्हालाही कुणाशीतरी बोलावेसे वाटते म्हणून, आणि पलीकडून कुणीतरी ऐकते असा आमचा अनुभव आहे म्हणून. हा अनुभव आम्ही थोरल्याच्या हातात देऊ शकत नाही. पण त्याच्या ओट्यावर जेवू शकतो, आणि जेवलो.

त्या भूकंपानंतर मदतीला कोण कोण आले, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने अनाथ मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. धर्मभगिनी आल्या, डॉक्टर आले. सेवा दल तर सुरुवातीपासून असे की साने गुरुजींसारखा देवाच्या प्रेमाने डोळे भरून येणारा माणूस आणि देवाचे नावही न काढणारे कार्यकर्ते एकाच रांगेत बसत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ज्यांना स्वतःला कधीच त्या देवळात जायचे नव्हते असेही लोक त्यांच्या पाठीशी होते.

आता बाप्तिस्म्याविषयी. ख्रिस्तसभेच्या नियमात (कॅनन ८७४) धर्मपिता कोण होऊ शकतो हे स्पष्ट आहे: दृढीकरण झालेला, ख्रिस्तप्रसाद घेतलेला, आणि विश्वासाला साजेसे जीवन जगणारा कॅथलिक. जो विश्वास नाही म्हणतो त्याला आम्ही तिथे उभे करू शकत नव्हतो, आणि त्यालाही ते नको होते. नाव काढले. नियम बरोबर आहे असे आमचे मत आहे. धर्मपिता हा काही मामाला द्यायचा मान नाही, ते एक वचन आहे.

पण नाव काढताना आम्ही रजिस्टर मागे चाळत गेलो. आम्ही या धर्मग्रामात आल्यापासून जितक्या धर्मपित्यांची नावे आमच्या हाताने लिहिली, त्यातल्या एकालाही आम्ही स्वतंत्र बसवून विचारलेले नाही की बाबा, तुझा विश्वास म्हणजे काय आहे. 'होय' ऐकले आणि सही घेतली. त्यातले काही जण त्यानंतर चर्चमध्ये दिसलेले नाहीत. ज्याने खरे सांगितले तेवढ्यालाच आम्ही वगळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात लिहून ठेवले आहे की नास्तिकता निर्माण होण्यात विश्वासणाऱ्यांचाही वाटा असू शकतो, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचा चेहरा दाखवण्याऐवजी झाकतो. हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. रजिस्टर चाळताना ते वेगळे वाटले. यापुढे बाप्तिस्म्याआधी धर्म-मातापित्यांनी एक संध्याकाळ आमच्याकडे येऊन बसायचे आहे. परीक्षा नाही, चहा मिळेल.

त्याच्या आईला आम्ही एवढेच सांगितले की मुलाने खोटे बोलायचे नाकारले, आणि खोटे बोलू नये हे त्याला शिकवले तुम्हीच. त्यांचे समाधान झाले नाही. आईचे होणारही नाही, आणि आमचेही पूर्ण झालेले नाही. आम्ही त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. हे त्याला ठाऊक आहे, त्याची हरकत नाही.

बाप्तिस्मा गेल्या महिन्यात झाला. मावशी धर्ममाता म्हणून उभी राहिली. एक जण असला तरी नियमाने चालते. तो शेवटच्या बाकावर बसला होता. सगळे 'होय' म्हणाले तेव्हा तो गप्प राहिला. त्याच्या आईने दोनदा मागे वळून पाहिले. नंतर जेवणात तोच सर्वांना वाढत होता, आणि पंगत उठल्यावर स्वतः शेवटी बसला. जाताना त्याने आम्हाला आगरकरांच्या निबंधांचे एक जुने पुस्तक दिले. निम्मे वाचून झाले आहे.

येत्या ३० सप्टेंबरला सायंकाळी साडेसहाला भूकंपात गेलेल्यांसाठी मिस्सा आहे. सर्वांनी यावे, शेजाऱ्यांनाही सांगावे. त्याच्या आजीचे माहेर त्या भागातले, त्यामुळे आई येणार आहे, आणि तिला आणायला तो पुण्याहून रजा काढून येतो आहे. आत बसेल की बाहेर थांबेल, हे त्याने सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेले नाही.

आपले धर्मगुरू